सहाशेला सहा

दुपारच्या शांततेत ओट्यावरून स्टीलचं झाकण पडलं. पडून गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. पण ते कडेवर उभं राहिलं, गरगर फिरलं, मग हळूहळू आडवं होत फरशीवर कितीतरी वेळ थरथरत राहिलं. मी ओला हात तसाच धरून उभी. एकदाचं ते निजलं, आणि आतून आवाज आला, "आई, मी जागीच होते."

दुपारी जुई झोपते तो तासभर माझा. आज तो गेला. हात पुसून मी तिच्याशेजारी जाऊन आडवी झाले. खिडकीचा पडदा श्वास घेतल्यासारखा फुगत होता, सपाट होत होता.

"गोष्ट सांग."

"कुठली?"

"पाणी येणाऱ्या सीसॉची."

ही गोष्ट तिला पाठ आहे. मी चुकले तर ती दुरुस्त करते. मोठी मुलं एका टोकाला, छोटी दुसऱ्या टोकाला, वर-खाली, वर-खाली, आणि मग छपरावरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज. तिथे मी नेहमी थांबते. पाच वर्षांच्या मुलीला तेवढंच पुरतं.

आज पाणी पडलं, आणि ती कुशीवर वळून म्हणाली, "पण आण्णांचं पुढे काय झालं, ते तू सांगतच नाहीस."

पडदा फुगला, सपाट झाला. मी सांगायला लागले. तिला सांगितलं तेवढंच इथे नाही. मधलं काही मी माझ्याशीच बोलत होते.

आमचं कॉलेज कोल्हापूरजवळ. वर्कशॉपच्या अगदी टोकाला पॅटर्न शॉप होतं. बाकी सगळीकडे तेल आणि लोखंड, तिथे मात्र सागवानाचा वास. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं उतरायचं आणि त्यात भुसा इतका संथ तरंगायचा, की तिथलं घड्याळही जरा हळू चालत असावं. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर ती आधी लाकडात घडवायची. ती लाकडी वस्तू म्हणजे पॅटर्न. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा, आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं.

"लोखंडाला काय अक्कल न्हाई," आण्णा म्हणायचे. "जागा दावली की जाऊन बसतंय. जागा दावायची ती लाकडानं."

आण्णाप्पा सुतार. चौतीस वर्षं तिथे मिस्त्री. कानावर सपाट पेन्सिल, अंगावर खाकी सदरा, आणि ओतलेलं कास्टिंग तयार झालं की ते बोटाच्या पेराने वाजवून, डोकं कलतं करून ऐकायची सवय. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी आणि यास्मिन शिकलगार त्यांच्या दारात उभ्या राहिलो, तेव्हा त्यांनी आम्हाला चष्म्यावरून पाहिलं.

"पोरींनी कम्प्युटरवरचं काहीतरी घ्यावं की. हितं नखं मोडत्यात."

"नखं नाहीतच आमची," यास्मिनने हात पुढे केले. "आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या धार लावायचं काम. मी पटाशीला धार लावून दावतो तुम्हाला."

कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, 'मी करतो', 'मी येतो'. आण्णांनी लाकूड तासायची पटाशी दिली. तिने दगडावर पाणी घेतलं आणि अर्ध्या तासाने पटाशी परत केली. आण्णांनी ती मनगटावर फिरवली, चार केस उडाले.

"बसा," आण्णा म्हणाले.

आमचं प्रोजेक्ट म्हणजे सीसॉचा पंप. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या माळावर, कुसरवाडी नावाची वस्ती होती. तिथल्या शाळेमागे पाण्याचं टाकं होतं, पण ते जमिनीत. छपरावरच्या टाकीत पाणी चढवायला वीज कधी असायची, कधी नसायची. मुलांनी सीसॉ खेळावा, त्या वर-खाली होण्यानेच पंपाचा दांडा हलावा आणि पाणी वर चढावं, अशी कल्पना. सीसॉचा सगळा भार ज्यावर बसणार होता ती लोखंडी बैठक आम्हाला ओतायची होती. सिमेंटच्या ओट्यातून चार बोल्ट वर आलेले असणार, त्यांवर ती बसणार. लांबीच्या दिशेने भोकापासून भोकापर्यंत सहाशे मिलिमीटर.

डिसेंबरभर आम्ही त्या बैठकीचा पॅटर्न केला. एका दुपारी मी आखलेल्या रेघेवर आण्णांनी बोट ठेवलं.

"कमुदी, ही रेघ कशानं मारलीस?"

माझं नाव कौमुदी. ते त्यांनी पहिल्या दिवसापासून आपल्या सोयीने तासून घेतलं होतं.

"पट्टीनं."

"कुठल्या?"

मी टेबलावरची मीटरची स्टीलची पट्टी दाखवली. त्यांनी खणातून दुसरी काढली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली. दिसायला जुळ्या. मग त्यांनी दोन्हींची शून्यं जुळवली. दहाशी दहा जुळत होतं, पन्नासशी पन्नास जुळल्यासारखं वाटत होतं, पण पुढे डोळे जाऊ लागले तशी दुसरीचे आकडे हळूहळू मागे रेंगाळायला लागले. पहिलीवर सहाशे सहा होतं तिथे दुसरीवर सहाशे.

"ही खोटं बोलती," यास्मिन म्हणाली.

"खोटं न्हाई बाळ. वाढीव पट्टी म्हंत्यात हिला. लोखंड थंड झालं की आकसतं. शंभराला एक, सहाशेला सहा. तेवढं आधीच जास्त धराय लागतं. साध्या पट्टीनं पॅटर्न केलास तर तुझी बैठक येणार पाचशे चौऱ्याण्णवची. हिनं केलास तर थंड होऊन बरुब्बर सहाशेवर येऊन थांबती." त्यांनी पट्टी तळहातावर पालथी केली. मागच्या बाजूला, टोकाशी, 'लोखंड १%' असा बारीक ठसा होता. "पॅटर्नवाला एकच पाप करू शकतो. हे इसरायचं. चौतीस वरसांत मी एकदाबी केलं न्हाई."

मला ती पट्टी फार आवडली. गरम असतानाच थंड झाल्यावरचं पाहणारी. रात्री झोपताना मी त्या दोन पट्ट्या मनात शेजारी शेजारी ठेवायची आणि एकीचे आकडे दुसरीपासून हळूहळू लांब जाताना पाहत पाहत झोपी जायची.

आण्णांची निवृत्ती एकतीस जानेवारीला होती. त्यांना दोन वर्षं मुदतवाढ हवी होती. विभागप्रमुख चिवटे सरांनी अर्ज लिहूनही ठेवला होता, फक्त आण्णांची सही बाकी होती. पण वर्कशॉपमध्ये कुजबुज होती, म्हातारा विसरायला लागलाय. एकदा चहा पिऊन पुन्हा चहा मागवला. एकदा दाराला कुलूप लावून किल्ली आतच. चिवटे सर चिडायचे. "तुमचे सगळे पासवर्ड भिंतीवर चिकटवलेले आहेत, आणि विसरतो कोण, तर सुतार!" पण सही झाली नव्हती, कारण आण्णाच चालढकल करत होते.

"का हो आण्णा?" मी विचारलं.

"घरी बसून करायचं काय? घरातलं समदं मोजून झालंय," ते हसले. मग रंधा थांबवून म्हणाले, "खरं सांगू व्हय? त्या किल्लीनं मला भ्या घातलंय. हात इसरला तर हितं बसायचं न्हाई. पोरं शिकत्यात हितं. ही तुमची बैठक जाऊ दे. ती नीट बसली की म्हणंन, आजून हाय मी. मग सही."

यास्मिनने त्यांच्या हातातला रंधा घेतला. "बसणारच की. तुम्ही नुसतं पेन भरून ठेवा."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पॅटर्न ओतकामासाठी फौंड्रीत गेला. त्या शनिवारी आण्णा लग्नाला गेले होते, आणि मला वाटलं, त्यांचं टेबल लख्ख करून ठेवावं. रॉकेल आणून मी पटाशा पुसल्या, काटकोन तपासायचा गुण्या पुसला, दोन्ही पट्ट्या घासून चकचकीत केल्या. एका पट्टीच्या भोकात सरसाने आणि भुशाने काळाकुट्ट झालेला एक दोरा अडकला होता. तो कातरीने कापून टाकला. सोमवारी आण्णा आले, टेबलाकडे बघत राहिले.

"आरं तिच्या. हे माझंच हाय व्हय?"

त्याच सकाळी आम्हाला कुसरवाडीला जायचं होतं. सव्वीस जानेवारीला पंपाचं उद्घाटन ठरलं होतं, त्याआधी ओट्याचं सिमेंट पक्कं व्हायला हवं. जीप बाहेर उभी, यास्मिन हाका मारतेय. मी दारातून ओरडले, "आण्णा, पट्टी नेते हो!"

ते करवतीवर वाकलेले. मान वर न करता म्हणाले, "ने की. कुठली न्यायची ते ठावं हाय न्हवं?"

"हो हो!" मी म्हणाले, आणि हाताला लागली ती उचलली.

सड्यावर वाळलेलं गवत सोन्यासारखं पसरलेलं होतं, आणि वारा त्यातून हात फिरवल्यासारखा जात होता. शाळेतली मुलं ओट्याभोवती उकिडवी बसून आमच्याकडे पाहत होती. मी फळीवर सहाशेच्या खुणा केल्या, भोकं पाडली, त्यांत बोल्ट लटकवले, आणि गवंड्याने सिमेंट ओतलं. एका छोट्या मुलीने विचारलं, "बाई, ह्यातनं झाड येणार?" यास्मिन म्हणाली, "येणार की. लोखंडाचं."

पट्टी आमच्या लांब कॅनव्हासच्या पिशवीत राहिली आणि पिशवी हॉस्टेलवर, कपाटावर.

त्यानंतर एकदा आण्णा खण उपसत होते.

"वाढीव पट्टी कुठं ठेवली मी?" ते स्वतःशीच पुटपुटत होते. "फौंड्रीतनं आणली का न्हाई..."

मीही शोधायला बसले. दोन्ही खण रिकामे केले, टेबलाखाली वाकले, फळ्यांच्या ढिगामागे पाहिलं. मनापासून शोधत होते. टेबलावर एक पट्टी होतीच, साधी. आमच्याकडे दुसरी होती, आणि ती साधीच आहे याबद्दल माझ्या मनात इतकीसुद्धा शंका आली नाही, की तिची आठवणही झाली नाही.

"राहू दे," आण्णा शेवटी म्हणाले. "किल्लीसारखीच गेली म्हणायची."

पंचवीस जानेवारीला आम्ही बैठक घेऊन सड्यावर गेलो. आण्णाही आले, पांढरा सदरा घालून. वाटेत त्यांनी ती दोनदा वाजवून ऐकली. खणखणीत. चिवटे सर पुढे बसले होते, म्हणाले, "आण्णा, आता सांगा, अर्ज खिशात आणलाय मी."

"बसू दे की सर आधी."

चौघांनी उचलून बैठक ओट्यावर नेली. एका बाजूची दोन भोकं दोन बोल्टांवर सुळकन उतरली. दुसऱ्या बाजूची उतरेनात. यास्मिनने ढकलून पाहिलं. सरांनी बुटाने दाबून पाहिलं. दुसऱ्या बाजूचे बोल्ट भोकांच्या जरासे पलीकडे उभे होते, करंगळीच्या नखाएवढे, आणि तिथून हलणार नव्हते.

"मोज," सर मला म्हणाले.

मी पिशवीतून पट्टी काढली. आधी बोल्ट मोजले. "सहाशे, सर. अगदी बरोबर."

"आता बैठक."

मी बैठकीवर पट्टी ठेवली. पुन्हा ठेवली. आण्णा पाचेक पावलांवर उभे होते. उन्हाची तिरीप चष्म्यावर असल्यामुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते.

"किती?" सरांनी विचारलं.

"पाचशे चौऱ्याण्णव."

वारा गवतातून गेला. तो आकडा काय सांगतो ते सरांना कळायला क्षणभर लागला असेल. आण्णांना तेवढाही लागला नाही.

"सहाशेला सहा," ते म्हणाले. अगदी हळू, एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव घ्यावं तसं. "इसरलो मी. आकसायचं इसरलो."

"पण आण्णा, मी होते ना तेव्हा. आपण वाढीव पट्टीनंच..."

"तू रेघा मारल्यास बाळ. शेवटची भोकं मी धरली." ते ओट्याजवळ आले, वाकले, बोल्टावरून अंगठा फिरवला. "तवा पट्टी कुठली हुती, आता कोण सांगणार? ती तर मी हरवून बसलोय."

चिवटे सर घसा खाकरून म्हणाले, "अहो, सहा मिलिमीटरचं काय घेऊन बसलात. भोकं लांबवू. चालतं."

"चालतं की," आण्णा म्हणाले. "गोल कानस हाय न्हवं पोरी?"

मग ते ओट्यावर मांडी घालून बसले आणि दोन भोकं कानशीने लांबवू लागले. दोन तास. आम्हाला हात लावू देईनात. घासल्याचा एकसुरी आवाज सड्यावर पसरत राहिला, पांढऱ्या सदऱ्यावर लोखंडाची काळी भुकटी बसत गेली, आणि शाळेतली मुलं एकेक करून त्यांच्याभोवती येऊन बसली. झाडाचं विचारणाऱ्या त्याच मुलीने विचारलं, "आजोबा, दुखतंय का त्याला?"

"न्हाई गं. त्याला कशाला दुखंल?"

बैठक बसली. सीसॉ चढला. दोन मुलं या टोकाला, तीन त्या टोकाला. वर, खाली. वर, खाली. पाईपात हवा घरघरली, आणि मग छपरावरच्या रिकाम्या टाकीत पहिलं पाणी पडलं, एवढं मोठं वाजलं की सगळी शाळा किंचाळली. आण्णा हसले. मला आठवतं, ते खरंच हसले.

परतताना संध्याकाळ होत होती. आण्णा पुढे बसले होते, डोळे मिटून. मी मागे, पिशवी मांडीवर. पट्टी अर्धी बाहेर आली होती, ती आत ढकलताना पालथी झाली, आणि मावळतीचं ऊन तिच्या टोकावर आलं.

लोखंड १%.

मी ते तीनदा वाचलं. मग मला तो काळा दोरा आठवला. तो मळ नव्हता. ती आण्णांची खूण होती, न बघता बोटांना कळावी म्हणून बांधलेली. आणि मग बाकीचं सगळं एकापाठोपाठ एक आपापल्या जागी जाऊन बसलं. बैठक बरोबर सहाशेची होती. बोल्ट सहाशे सहावर होते. मी खोट्या पट्टीने बोल्ट लावले, आणि त्याच पट्टीने बैठक मोजून, मोठ्याने, सगळ्यांसमोर, आण्णांना त्यांचं पाप वाचून दाखवलं.

पुढे आण्णांची मान जीपच्या धक्क्यांबरोबर हलत होती. हाताच्या अंतरावर.

हॉस्टेलच्या कठड्यावर बसून मी यास्मिनला सांगितलं. ती कठड्यावर बोट घासत राहिली.

"मी पण तिथंच होतो. मी पण बघितलं नाही," ती म्हणाली. "उद्या सांगून टाक. नाहीतर मी सांगतो."

"नको. माझं मी सांगते."

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला आण्णा आलेच नाहीत. झेंडावंदन झालं, मुलांनी लेझीम केलं, आणि चिवटे सरांनी भाषणात आम्हाला उभं केलं. "या दोन मुली. यांनी पाया घातला, आणि यांचे सहाशे म्हणजे सहाशेच. मुलींना मोजमाप जमत नाही म्हणणाऱ्यांनी इथे येऊन पट्टी लावावी." टाळ्या वाजल्या. पुढच्याच आठवड्यात एका फौंड्रीची माणसं मुलाखतीला येणार होती आणि सर माझं नाव पुढे करणार होते. मीही टाळ्या वाजवल्या. स्वतःसाठी.

सत्तावीस तारखेला सकाळी मी पट्टी घेऊन पॅटर्न शॉपमध्ये गेले. वाक्य पाठ केलं होतं. 'आण्णा, चूक तुमची नाही, माझी आहे.' सहा शब्द. येताना रस्ताभर म्हणत आले होते.

आण्णा नव्हते. टेबलावर अर्ज होता, शेजारी पेन, टोपण काढलेलं. ऊन तसंच तिरपं, भुसा तसाच तरंगत होता. मी खण उघडला. का उघडला ते मला आजही सांगता येत नाही. पट्टी आत ठेवली, अगदी तळाशी, कागदांच्या खाली. एवढ्यात ते दारातून आत आले.

"कमुदी? लौकर?"

"आण्णा, तुमची ती पट्टी..."

"मिळाली?"

त्यांचा चेहरा एकदम उजळला, लहान मुलासारखा. मी तोंड उघडलं. साही शब्द होते तिथे. आणि मी म्हणाले, "खणातच होती."

ते खणाशी आले. कागद बाजूला करून पट्टी बाहेर काढली, पालथी केली, ठशावरून अंगठा फिरवला. मग भोकाशी अंगठा थांबला, जिथे दोरा असायचा. ते विचारतील. एकदा विचारलं तर मी सांगेन, एवढं मी स्वतःला कबूल केलं होतं. विचारा आण्णा, विचारा.

"दोरा बी गेला," ते म्हणाले. "कवा गेला, ध्यानात न्हाई." मग खणाकडे पाहत राहिले. "हितं मी चारदा बघितलं. तूबी बघितलंस की."

"हो."

"आन् हितंच हुती."

मी खण लावून घेतला.

त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. पेनाला टोपण घातलं. अर्ज उचलला, नीट चौपदरी घडी केली आणि टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवली. टेबल हलवून पाहिलं. हलेना.

"ब्येस झालं," ते म्हणाले. "आता हुबं तरी ऱ्हाईल सरळ. जा बाळ, तास चुकंल तुझा."

एकतीस तारखेला त्यांना शाल-श्रीफळ दिलं. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, सरसाचा वास आला. दारात यास्मिनने कानाशी विचारलं, "सांगितलंस?" मी मान हलवली, वर-खाली. तिने माझा हात दाबला. आजही ती फोनवर कुणाला माझ्याबद्दल सांगते तेव्हा म्हणते, ही फार सच्ची आहे.

मला त्या फौंड्रीत नोकरी लागली. जुई होईपर्यंत केली. पॅटर्न शॉपच्या जागी आता कम्प्युटर आहेत म्हणे. आण्णा त्याच वर्षी लेकीकडे गेले, निपाणीकडे कुठेतरी. मी पत्ता घेतला होता. एकदा बसस्टँडपर्यंत गेलेही होते.

एवढं सगळं जुईला सांगितलं नाही. दोरा सांगितला, पट्टी सांगितली, आणि आई घाबरली आणि बोललीच नाही, हे सांगितलं. ती पाठीवर पडून छताकडे पाहत होती. मग तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मी हळूच हात काढून घेऊ लागले, तशी तिने तो धरला.

"आई," ती म्हणाली, "मग आण्णांना अजून वाटतं, तेच विसरले म्हणून?"